पारोळ्याचे झाशीवाले आणि आमचे वतन

माझे माहेर एरंडोलचे आणि सासर पारोळ्याचे. धुळे-जळगाव रस्त्यावरची ही दोन गावे एसटीने तासाभराच्या आतली. पण दोन्ही गावांचा तोरा निराळा. एरंडोलची माणसे पांडववाडा आणि पद्मालय सांगतात, आणि कोणे एके काळी आमच्या गावात हातकागद होत असे तेही सांगतात. पारोळ्याची माणसे बालाजीचा रथ सांगतात, आणि मग हळूच म्हणतात, "आमचा किल्ला झाशीवाल्यांचा बरं का!"

लग्न होऊन आले तेव्हा मला वाटले, थट्टा करतात. कुठे झाशी, कुठे पारोळे! पण ते खरे आहे. झाशीचे नेवाळकर हे मूळचे कोकणातले घराणे, आणि त्यांच्या एका शाखेकडे पारोळ्याची जहागीर होती. पन्नास घरांचे खेडे हरी सदाशिव दामोदर यांनी तटबंदीचे शहर केले आणि १७२७ साली हा भुईकोट बांधला, असे सांगतात. भोवती खंदक, भक्कम बुरूज. खानदेशातल्या देखण्या किल्ल्यांत त्याची गणना होत असे. आज बाजाराच्या गर्दीत तो अर्धा दिसतो, अर्धा शोधावा लागतो.

या गावात १८२१ साली एक गुन्हा घडला. पेशवाई बुडून तीनच वर्षे झाली होती. त्याआधी होळकरांच्या फौजा, पेंढारी आणि १८०३ चा दुष्काळ यांनी खानदेश उजाड करून ठेवला होता. इंग्रजांनी १८१८ मध्ये कॅप्टन जॉन ब्रिग्ज यांना इथे पोलिटिकल एजंट नेमले. या ब्रिग्जसाहेबांना पारोळ्यात ठार मारण्याचा प्रयत्न झाला. साहेब वाचले. पुढे ते साताऱ्याचे रेसिडेंट झाले, आणि फिरिश्त्याच्या फारसी इतिहासाचे त्यांनी केलेले इंग्रजी भाषांतर १८२९ मध्ये छापले गेले.

पारोळ्याचे मालक होते लालभाऊ झाशीवाले. कटाची त्यांना आतून माहिती असावी असा संशय घ्यायला जागा आहे, असे सरकारला वाटले, आणि गाव व किल्ला त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. १८८० च्या खानदेश गॅझेटियरला या सगळ्यासाठी एवढीशी नोंद पुरली. त्या नोंदीत खटला नाही, साक्षीदार नाही, निकाल नाही. आहे तो फक्त संशय.

त्यानंतर या घराण्याला उसंत मिळालीच नाही. झाशीचे गंगाधरराव निपुत्रिक होते. नोव्हेंबर १८५३ मध्ये मृत्यूच्या आदल्या दिवशी त्यांनी पारोळ्याच्या शाखेतल्या वासुदेवराव नेवाळकरांचा छोटा आनंदराव दत्तक घेतला आणि त्याचे नाव दामोदरराव ठेवले. डलहौसीने दत्तक नामंजूर करून १८५४ मध्ये झाशी खालसा केली. १८५७ च्या धामधुमीत याच भाऊबंदांतल्या सदाशिवरावांनी करेऱ्याचा किल्ला घेऊन स्वतःलाच झाशीचा राजा म्हणून जाहीर केले, आणि राणीला आपल्याच घरच्या माणसावर फौज धाडावी लागली. १८५८ मध्ये राणीचे वडील मोरोपंत तांबे फासावर गेले. त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ राणी पडली. दहा वर्षांचाही नसलेला दामोदरराव रानोमाळ फिरला, शेवटी इंदुरास इंग्रजांच्या स्वाधीन झाला आणि त्यांच्या पेन्शनीवर जगून १९०६ मध्ये वारला. इकडे राणीशी नाते म्हणून १८५९ मध्ये पारोळ्याच्या किल्ल्याचीही मोडतोड करण्यात आली.

ही हकिगत ऐकून कुणाचेही मन हळहळेल. माझेही हळहळते. आईविना, राज्याविना भटकणाऱ्या त्या पोराची जात मी विचारणार नाही. (झाशीच्याच लढाईत कोरी समाजाची झलकारीबाई लढली, तिचे नाव मात्र पारोळ्यात मला कुणी कधी सांगितले नाही. तिच्या नावाचे टपाल तिकीटसुद्धा २००१ मध्ये निघाले.)

माझ्या धाकट्या मुलीला कॉलेजात 'आपल्या परिसराचा इतिहास' असा प्रकल्प आला. तिने किल्ल्याचे फोटो काढले, गावातल्या जाणत्यांना भेटली आणि घरी येऊन मला म्हणाली, "आई, ब्रिग्जसाहेब इथे उतरले, तेव्हा त्यांच्या घोड्याला चारा कोणी घातला?"

मी चपापलेच. उत्तर तर आमच्या घरातच होते. सरकारी अंमलदार गावात आला की लाकूडफाटा आणायचा महाराने, घोड्याला वैरण घालायची महाराने, पुढच्या गावापर्यंत वाट दाखवायची महाराने. पेशवे असोत, झाशीवाले असोत की कंपनी सरकार, हे काम बदलले नाही. आणि रात्री साहेबावर घाला पडला, तर पहाटे चावडीवर पहिल्याने कोणाला ओढून आणले जात असेल, हे सांगायला मला गॅझेटियर लागत नाही.

माझे सासरे सांगत. त्यांच्या वडिलांच्या वेळी एका गावात एका बड्या घरी चांदीचे तांबे चोरीला गेले. आमच्या वस्तीतले सात गडी चावडीवर नेले, रात्रभर ओणवे उभे केले. तिसऱ्या दिवशी तांबे त्या घराच्याच माडीवर, धान्याच्या कणगीत सापडले. सात जणांना "जा" म्हणाले. बस, एवढाच निकाल. माफीचा शब्द नाही, कागदावर ओळ नाही. सासरे हे सांगताना रागावत नसत. अहिराणीत एवढेच म्हणत, "मोठास्नं दुख बी मोठं ऱ्हास, माय."

संशयाने लालभाऊंची जहागीर घेतली, हे वाईटच झाले. पण त्यांचे नाव तरी राहिले. त्याच इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमातींचा कायदा केला, १९११ मध्ये तो साऱ्या मुलखाला लागू झाला, आणि पारध्यांसारख्या जमातींची मुले जन्मतःच संशयित ठरली. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला. चोरी झाली की आजही पोलिसांची गाडी आधी कोणत्या पालावर जाते, ते वाचकांना ठाऊक आहे.

मुलीने आणखी एक विचारले. "झाशीवाल्यांचे वतन गेले म्हणून सगळे हळहळतात. मग बाबासाहेब आपले वतन घालवा असे का सांगत होते?" प्रश्न बरोबर होता. त्यांचे वतन म्हणजे गाव, किल्ला, सारा आणि मान. आमचे वतन म्हणजे तुकडाभर जमीन आणि तिच्या बदल्यात रात्रंदिवस, पिढ्यान्‌पिढ्या हाकेला ओ. जमिनीच्या त्या लोभाने माणूस गावकीला बांधला जातो, हे बाबासाहेबांनी ओळखले आणि १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक मांडले. आपल्यातलेच काही त्यावर नाराज होते. जमीन जाईल ही भीती! पोटाला भाकर नसलेल्या माणसाला ती भीती वाटली, यात मला तरी नवल वाटत नाही. शेवटी १९५८ च्या कायद्याने ही वतने गेली, आणि नजराणा भरून जमीन कसणाऱ्यांच्या नावावर झाली.

सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीत त्या नजराण्याची पावती आहे. घडीवर फाटलेली, शाई उडालेली. सासरे ती पावती बाबासाहेबांच्या तसबिरीमागे ठेवत असत, नंतर ओल लागू नये म्हणून पेटीत गेली. मुलीने ती जपून उलगडली, झेरॉक्स काढून आणली आणि वहीत किल्ल्याच्या फोटोसमोरच्या पानावर चिकटवली. खाली काय लिहू, असे तिने विचारले. मी म्हटले, आजोबांचे नाव लिही, पूर्ण.