आकाशातली घड्याळं आणि आमचा बांध

आम्हां सीमेवरच्या माणसांना 'तुम्ही नेमके कुठले?' या प्रश्नाचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आमचा निमाड मध्यप्रदेशात राहिला. इच्छापुरात घरात मराठी, शाळेत हिंदी. जमिनीचा कागद इकडे खसरा, तर रावेरच्या सोयऱ्यांकडे सातबारा. मोबाइललासुद्धा कधी इकडचा टॉवर सापडतो, कधी तिकडचा. या सगळ्या गोंधळात एकच यंत्र असं, की त्याला ना राज्य ठाऊक, ना भाषा. आपण पृथ्वीच्या पाठीवर कुठे उभे आहोत, एवढंच ते सांगतं. उपग्रहांच्या आधाराने वाट दाखवणारं हे यंत्र आता खिशाखिशांत आहे. पण ते हे कसं साधतं, ते मला कळलं आमच्या शेताच्या बांधापायी.

दिवाळीत लांबच्या गावात बाण फुटतो. उजेड आधी दिसतो, आवाज मागून येतो. मधे तीन सेकंद गेले तर बाण साधारण एक किलोमीटरवर फुटला असं धरावं, कारण आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. वेळ मोजली की अंतर मिळालं. उपग्रहांचं तंत्र मुळात एवढंच. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि रेडिओलहरींवरून सारखे सांगत असतात, 'मी अमुक ठिकाणी आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजले आहेत.' खालचं यंत्र फक्त ऐकतं. आपण ऐकतो आहोत, याचा उपग्रहाला पत्ताही नसतो. संदेश निघाल्याची आणि पोचल्याची वेळ यांतल्या फरकाला लहरींच्या वेगाने गुणलं की झालं.

पण ही लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. उपग्रह डोक्यावर असला, तर संदेश सेकंदाच्या पंधराव्या भागात खाली पोचतो. घड्याळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाने चुकलं, तर अंतर तीस किलोमीटरने चुकतं. म्हणजे इच्छापुरचा माणूस बसल्या जागी महाराष्ट्रात! म्हणून प्रत्येक उपग्रहात अणुघड्याळ असतं. त्यातही आइन्स्टाइनसाहेबांची मेख आहे. वरचं घड्याळ वेगामुळे थोडं मागे पडतं, आणि गुरुत्वाकर्षण कमी असल्यामुळे त्याहून जास्त पुढे जातं. दिवसाकाठी ३८ मायक्रोसेकंदांचा हा फरक आधीच हिशेबात धरावा लागतो. नाही तर एका दिवसात दहा किलोमीटरहून अधिक घोळ.

आपल्या मोबाइलमध्ये मात्र साधं क्वार्ट्झचं घड्याळ. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की जागा सापडायला हवी. पण अंतर मोजणारं घड्याळच चुकत असेल तर? म्हणून चौथा उपग्रह लागतो. चारही अंतरं एकाच बिंदूत जुळण्यासाठी आपलं घड्याळ किती पुढे-मागे करायला हवं, हे यंत्र गणिताने काढतं. जागा सापडते आणि वेळही दुरुस्त होते.

घड्याळाचं मोल आपल्या देशानेही अनुभवलं. १ जुलै २०१३ ला श्रीहरिकोट्याहून या कामासाठी आपला पहिला उपग्रह सुटला. २०१६ मध्ये सातवा सुटला आणि या व्यवस्थेला 'नाविक' हे नाव मिळालं. पण पहिल्या उपग्रहातली परदेशातून आणलेली अणुघड्याळं बंद पडली. उपग्रह आकाशात, पण वाट दाखवण्याच्या कामाचा नाही! २९ मे २०२३ ला सुटलेल्या उपग्रहात अहमदाबादला तयार झालेलं स्वदेशी अणुघड्याळ बसवण्यात आलं.

आता बांधाकडे वळतो. आमच्या आणि काकांच्या केळीच्या शेतांमधला बांध नऊ वर्षं धुमसत होता. आबा म्हणत बांध सरकला, काका म्हणत तसूभर हलला नाही. दोनदा जरीब पडली, दोनदा वेगळा आकडा आला. साखळी जरा ढिली धरली किंवा मधे चर आला, की हात-दीड हाताचा फरक पडायचाच. काकांच्या मुलीच्या लग्नात आबांनी मांडवाच्या कडेला उभं राहून अक्षता टाकल्या आणि न जेवता ते परतले. आईने तो दिवस कधी विसरला नाही.

जमीन बिनचूक मोजण्याचा ध्यास फार जुना आहे. विल्यम लॅम्बटन हा साहेब कोन मोजण्याचं अर्धा टन वजनाचं यंत्र घेऊन दक्षिणेकडून हिंदुस्थान मोजत वर आला, आणि जानेवारी १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारला. त्याला दूरच्या टेकड्यांची शिखरं दिसावी लागत. आता नुसतं आकाश मोकळं दिसलं तरी भागतं.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात मोजणीला आलेल्या मुलाच्या हातात जरीब नव्हतीच. काठीच्या टोकावर पांढरा डबा उपडा घातल्यासारखं यंत्र होतं, त्याला रोव्हर म्हणतात. मोकळ्या आकाशाखाली मोबाइल पाचेक मीटर इकडेतिकडे होतो. हे दोन-तीन सेंटिमीटरच्या आत सांगतं. कारण असं, की जागा पक्की ठाऊक असलेल्या ठिकाणी दुसरं यंत्र कायमचं बसवलेलं असतं. वातावरणातून येताना लहरी रेंगाळतात. तिथे त्यामुळे किती चूक होते ते कळतं आणि रोव्हरला लगेच कळवलं जातं. शिवाय रोव्हर लहरीचा, म्हणजे जेमतेम १९ सेंटिमीटरच्या लांबीचा, बारीक अंशही मोजतो.

केळीच्या दाट पानांखाली मात्र यंत्र अडखळलं. पाण्याने भरलेली पानं लहरी गिळून टाकतात. तेव्हा आबांनी आणि काकांनी विळे घेतले आणि आपापल्या बाजूची पानं छाटून आकाश मोकळं करून दिलं. नऊ वर्षांत दोघांनी मिळून केलेलं हे पहिलं काम.

चांद्याच्या पक्क्या दगडापासून मोजणी झाली. काकांनी विचारलं, "सांग बाबा, बांध कुणाच्या हद्दीत?" मुलगा प्रामाणिक निघाला. म्हणाला, "दादाजी, डंडा कहाँ खड़ा है, वो दो अंगुल तक बता दूँगा. मगर नक्शे की लकीर ही दो मीटर मोटी है."

खरंच होतं ते. नकाशा चार हजारपट लहान केलेला असेल, तर कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर दोन मीटर रुंद होते. आमचं भांडण दीड हाताचं. ते सगळंच्या सगळं त्या रेघेच्या जाडीत मावत होतं.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग आबा म्हणाले, "आहे तिथेच राहू दे." काका म्हणाले, "आणि ही पानं कापली, त्यांची भरपाई?" आणि दोघेही हसले. पंचांसमोर तसं लिहून झालं. बांधाच्या दोन्ही टोकांचे अक्षांश-रेखांश आता दोन्ही घरांच्या कागदांत आहेत. आमच्या मुलांना शंका आली, तर काठी उभी करून पाहता येईल.

त्या दिवाळीपासून काकू फराळाचं ताट घेऊन बांधावरूनच येते. सडकेने वळसा घालावा लागत नाही.