डावीकडची जागा

आकुर्डीत गाडीची सीट काढणं ही कधीच मोठी गोष्ट नव्हती. बजाजच्या स्कूटर आणि टेम्पोच्या मॅटाडोर जिथून बाहेर पडल्या, त्या गावात पान्यांचा डबा घरोघरी असायचा. चार बोल्ट सैल केले की सीट बाहेर. मारुतीची व्हॅन १९८४ साली आली आणि २०१९ साली बंद झाली. मधल्या काळात तिच्या डाव्या सीटच्या जागी दुधाचे कॅन बसले, पेपरांचे गठ्ठे बसले, मांडववाल्यांच्या सतरंज्या बसल्या. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या विठ्ठल मंदिरात मुक्कामाला येते, तेव्हा शिधा वाहायलाही अशाच पोकळ केलेल्या गाड्या धावायच्या. काढलेली सीट वाया जात नसे. ती ओट्यावर यायची आणि घरातलं म्हातारं माणूस तिच्यावर ऊन खात बसायचं. रेक्झिन फाटलेलं, फोम दबलेला, पण पाठ टेकायला झकास.

आता ती सीट इतकी सुटी राहिलेली नाही. १ जुलै २०१९पासून नव्या मोटारींत चालकापुढे एअरबॅग सक्तीची झाली, १ एप्रिल २०२१पासून नव्या मॉडेलांत शेजारच्या माणसापुढेही. डाव्या सीटखाली हात घातला की वायरी लागतात. कुणी बसलंय का, पट्टा लावलाय का, हे त्या गाडीला कळवत असतात. काही गाड्यांत सीटच्या पाठीतच बाजूची एअरबॅग शिवलेली असते.

आमच्या गल्लीतल्या खानावळवाल्या वहिनी चाकणच्या कामगारांना डबे पोचवतात. स्पाइन रोडने मोशी, मग चाकण. गाडीत क्रेटवर क्रेट. डबे वाढले, जागा पुरेना, तेव्हा त्यांनी आपली एअरबॅगवाली व्हॅन गॅरेजात आणली. "डावी सीट काढून द्या."

मिस्त्रीने बॅटरीची निगेटिव्ह काढली आणि चहा सांगितला. वहिनींना तो आळस वाटला. पण एअरबॅगच्या डब्यात थोडी वीज साठवून ठेवलेली असते, धडकेत बॅटरीच तुटली तरी काम अडू नये म्हणून. ती ओसरेपर्यंत थांबायचं. कुठल्या गाडीला एक मिनिट, कुठल्या गाडीला दहा. मग पिवळा कपलर. एअरबॅगच्या वायरींचा रंग बहुतेक गाड्यांत पिवळाच. तो सोडवला की आतली बारीक पट्टी दोन्ही पिना आपोआप जोडून टाकते, म्हणजे भटका करंट शिरून भलत्याच वेळी स्फोट होत नाही. आणि तिथे मीटर लावून बघायचा मोह आवरायचा. मीटरचा इवलासा करंटही पुरू शकतो. कुणाला सुचली असेल ही पट्टी, असं मला दर वेळी वाटतं. ती माझी आवडती वस्तू आहे.

एअरबॅग कुणाला सुचली, ते मात्र ठाऊक आहे. १९५२ साली अमेरिकेत जॉन हेट्रिक नावाचा इंजिनिअर बायको आणि लेकीला घेऊन निघाला होता. अचानक अडथळा दिसला, ब्रेक दाबला, गाडी चरीत उतरली. आणि नवराबायकोचे हात एकदमच मुलीपुढे आडवे गेले. घरी आल्यावर तो कागद घेऊन बसला. पुढच्या वर्षी हवेच्या उशीचं पेटंट त्याच्या नावावर होतं. आपलं स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून आपला डावा हात जातो. शेजारी कुणी नसतानाही तो हात आडवा घालणारे चालक मी पाहिले आहेत. मिसेस नसतील गाडीत, पोरगं हॉस्टेलला असेल, हात जातोच.

सीट निघाली. निगेटिव्ह परत लावली, चावी फिरवली, आणि मीटरवर लाल खूण पेटून राहिली: बसलेला माणूस, त्याच्यापुढे गोळा. अशा वेळी बऱ्याच गाड्यांत चालकापुढची एअरबॅगही उघडेल याची खात्री उरत नाही. बाकावर बसलेल्या एका वायरिंगवाल्याने लगेच तोड काढली. दोन-अडीच ओहमचा रेझिस्टर कपलरमध्ये खोचा, गाडीला वाटेल सगळं जागेवर आहे, दिवा विझेल. हे चालतं, म्हणूनच मला त्याची चीड आहे. गाडी खरं सांगतेय आणि आपण तिला दहा रुपयांत खोटं बोलायला शिकवायचं.

मिस्त्रीने त्याच्याकडे पाहिलंही नाही. त्याने वहिनींना विचारलं, "क्रेट इथं येतील, पण डबे उतरवणारं पोरगं कुठं बसणार?"

"क्रेटवर."

तिथेच सगळं आलं. सीट काढली तरी माणूस निघत नाही. तो उपड्या क्रेटवर बसणार, पट्ट्याशिवाय, डॅशबोर्डला गुडघे टेकवून. आणि डॅशबोर्डमधली एअरबॅग तर शाबूत. ती मोजून मापून केलेली असते पट्टा लावून मागे टेकलेल्या माणसासाठी. छातीपासून निदान २५ सेंटीमीटर अंतर हवं. उघडायला तिला सेकंदाच्या पंचविसाव्या भागाइतका वेळ पुरतो. जवळ वाकून बसलेल्याला तीच बॅग इजा करते. मांडीवर लेकरू घेऊन पुढे बसणाऱ्या आयांना हे कुणीतरी ओरडून सांगायला हवं.

कायदाही आहे. कंपनीने नोंदवलेल्या रचनेत परवानगीशिवाय बदल चालत नाही, हे मोटार वाहन कायद्याच्या ५२व्या कलमात आहे आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही ते बजावलं. पण मिस्त्री कायद्याचं बोलला नाही.

"सीट परत टाकतो. जास्त डबे न्यायचे तर मालाची व्हॅन घ्या, हिला विकून," असं म्हणून त्याने डॅशबोर्डच्या डाव्या झाकणावर बोट ठेवलं. एअरबॅगच्या अक्षरांवरच पितळी खंडोबा चिकटवलेला होता, भंडाऱ्यासकट. "आणि देवाला इथून हलवा. बॅग उघडली तर हा पोराच्या तोंडावर येईल."

वहिनी हप्त्याचा हिशोब करत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "रविवारी हलवते. मधल्या वारी नाही उठवायची त्याला."