किंमत १२० रुपये

आईच्या आठवणींचं पुस्तक मी स्वतः छापलं. मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव विधिमंडळाने जुलै १९७८मध्ये केला, आणि नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं. मधल्या काळात वस्त्या जाळल्या गेल्या, माणसं मारली गेली, आणि माझ्या आईसारख्या शेतमजूर बायका लेकरं शेजारणीच्या हवाली करून सत्याग्रहात उतरल्या, तुरुंगात गेल्या. आई सांगत गेली, मी लिहीत गेले. प्रकाशक ‘विषय जुना झाला’ म्हणाले, म्हणून १,००० प्रती मीच छापून घेतल्या. एक प्रत ६२ रुपयांना पडली. आयएसबीएन क्रमांक सरकारकडून फुकट मिळतो, लेखक स्वतःच प्रकाशक असला तरी. खरा प्रश्न पुस्तकाचे गठ्ठे घरात येऊन पडले तेव्हा उभा राहिला.

पुण्यातल्या एका वितरकांनी पुस्तक आस्थेने चाळलं आणि छापील किंमत पाहून म्हणाले, “ताई, एकशेवीस? अडीचशे करा. यात मला काही उरणार नाही आणि तुम्हालाही.” त्यांना निम्मं कमिशन हवं होतं. म्हणजे माझ्या हाती ६० रुपये, छपाईपेक्षाही कमी, तेही विक्री झाल्यावर. न खपलेल्या प्रती परत. त्यांचा हिशेब खोटा नव्हता. त्या कमिशनातूनच दुकानदाराचा वाटा जातो, गोदामाचं भाडं जातं, वाहतूक निघते. पण अडीचशे रुपये देणारा वाचक आणि आईची माणसं, यांत मला निवड करायची होती. जिच्या आयुष्याचं हे पुस्तक, तिच्याच वस्तीतल्या बाईला ते परवडू नये, हे मला सोसणारं नव्हतं.

मग मी प्रती घेऊन दादरला गेले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर राज्यभरातून माणसं येतात, आणि शिवाजी पार्कावर पुस्तकांचे स्टॉल रांगेने लागतात. सरकारने काढलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपासून दहा रुपयांच्या पुस्तिकेपर्यंत सगळं तिथे असतं. मराठी माणूस पुस्तकं घेत नाही असं म्हणणाऱ्याने ५ डिसेंबरच्या रात्री तिथे उभं राहावं. रेल्वेने, एसटीने, उभ्याने प्रवास करून आलेली माणसं पिशवीत आधी पुस्तक टाकतात आणि मग जेवणाची रांग धरतात. नांदेडच्या एका विक्रेत्या दादांनी “जय भीम” करत माझ्या प्रती मांडून घेतल्या. कमिशन ३० टक्के, आणि विकलेल्या प्रतींचा हिशेब त्याच रात्री रोख. म्हणजे प्रतीमागे माझे ८४ रुपये.

एक आजी पुस्तक उलटसुलट करून पाहत होत्या. मुखपृष्ठावर मोर्चातल्या बायका आहेत. “ही आपल्या विद्यापीठाच्या गेटाची गोष्ट का गं?” त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं तशा त्यांनी कनवटीच्या नोटा काढल्या. वाचता येत नव्हतं. नातीकडून वाचून घेणार होत्या. वितरकांच्या कुठल्याच यादीत त्या आजींचा पत्ता नाही.

ही वाट नवी नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने परिषद रद्द केली, तेव्हा बाबासाहेबांनी आपलं न झालेलं भाषण स्वखर्चाने छापलं. त्या १,५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या होत्या. विजयादशमीला नागपूरची दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा-कोरेगाव, १४ जानेवारीला विद्यापीठाचं गेट: आमच्या वाचनाचं हे वर्षभराचं वेळापत्रक आहे, आणि माझ्या प्रती त्याच वेळापत्रकाने हलल्या.

ग्रंथालयांचं मात्र वाईट वाटतं. १९६७च्या कायद्याने राज्यात हजारो सार्वजनिक ग्रंथालयांना अनुदान मिळतं, आणि एकेका ग्रंथालयाने एकेक प्रत घेतली तरी लेखकाची कित्येक आवृत्त्यांची सोय होईल. पण अनुदान आलं की खरेदी घाईने उरकायची असते. जो विक्रेता शेकडो पुस्तकांचं एकच बिल आणि घसघशीत सूट देतो, त्याच्याकडे ती जाते. एका पुस्तकाचं बिल घेऊन आलेल्या लेखकासाठी ग्रंथपालाने वेगळी नोंद का करावी? जिल्ह्याच्या ग्रंथोत्सवात लेखक-प्रकाशकांसाठी एक सामाईक टेबल आणि एकत्रित बिलाची सोय झाली, तर हे एका वर्षात बदलेल, असं मला मनापासून वाटतं.

किंडलवर मराठी पुस्तक चढवता येतं, तेही केलं. परगावी नोकरीला असलेली मुलं तिथे वाचतात. मागणीप्रमाणे एकेक प्रत छापून देणाऱ्या कंपन्याही आहेत, पण तिथे छपाईच इतकी महाग पडते की १२० रुपये किंमत ठेवता येत नाही. टपालाने मागवणाऱ्यांसाठी शेवटच्या पानावर क्यूआर कोड आणि फोन नंबर दिला. डिसेंबर २०२४मध्ये टपाल खात्याने बुक पोस्ट बंद केलं, तेव्हा १२० रुपयांच्या पुस्तकाला कुरिअर परवडेना. मे २०२५पासून ‘ज्ञान पोस्ट’ सुरू झालं: ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि वर कर. आईचं पुस्तक त्या वजनात बसतं.

दुसऱ्या आवृत्तीला कागद महागलाय, प्रत ७१ रुपयांना पडेल. किंमत तीच ठेवली. मुखपृष्ठाचं लॅमिनेशन आणि मधली रंगीत पानं काढली. बांधणी मार्चअखेर व्हायलाच हवी असं छापखान्याला बजावलंय, कारण १४ एप्रिलसाठी नांदेडच्या दादांनी आणि लातूर, परभणीच्या विक्रेत्यांनी गठ्ठे आधीच सांगून ठेवलेत.