कपाटाखालचा पाहुणा

मांजरी आपल्या पिलांना सात घरे हिंडविते, असे जुनी माणसे सांगतात. मानेची सैल कातडी अलगद दातांत धरून ती पिलाला नेते, म्हणून त्या प्रवासात पिलू निर्धास्त असते. पिशवीतून नव्या घरी आलेल्या पिलाची गोष्ट निराळी. आई नाही, भावंडे नाहीत, ओळखीचा वास नाही. पिशवीचे तोंड उघडताच ते कपाटाखाली दडते.

मग घरातील मुले जमिनीवर पालथी पडून हाका मारू लागतात. कोणी काठीने ढोसूनही पाहतो. या सर्वांत मायाच असते, पण पिलाला ती कशी कळावी? त्याला दिसतात ते अंधारात चाचपडणारे मोठाले हात. अशा वेळी घरातील एखाद्या जाणत्या आजीने सर्वांना बाहेर घालवावे, हेच बरे. शांत खोली, आडवे ठेवलेले खोके, त्यात आईच्या अंगाखालचे फडके, पाण्याची वाटी आणि दूरच्या कोपऱ्यात मातीचे घमेले, एवढा संसार त्याला पहिल्या दिवशी पुरतो.

आता दुधाविषयी. चित्रातील मांजर नेहमी बशीतले दूध पिते, म्हणून मुले बशी घेऊन धावतात. परंतु आईचे दूध सुटल्यावर गाईम्हशींचे दूध पचविण्याची शक्ती बहुतेक मांजरांत उणावते, आणि त्या मूठभर जिवाला जुलाब सोसत नाहीत. जुन्या घरी ते जे खात होते, तेच प्रथम द्यावे.

पिलू येण्यापूर्वी कपाटाखाली एकदा वाकून पाहिलेले असावे. तेथे घरंगळलेली डांबराची गोळी मांजराला विषच होय. सुईदोऱ्याचे भय त्याहून फसवे. मांजराच्या जिभेवरील बारीक काटे घशाकडे वळलेले असतात. तोंडात गेलेला दोरा त्याला थुंकता येत नाही, तो आतच जातो. खेळता खेळता ओरखडा निघाला, तर मुलाने तो लपवू नये. जखम साबणाने व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन डॉक्टरांकडे जावे. पिलालाही पशुवैद्याकडून वेळेवर लस टोचून घ्यावी.

रात्री घर निजले, की कपाटाखालून प्रथम मिशा बाहेर येतात, मग नाक, मग एक पाऊल. जागे असलेल्या मुलाने तेव्हा हलू नये. पिलू त्याच्या पायाचा अंगठा हुंगते, दचकून मागे सरते, पुन्हा येते. आणि अखेर आपला गाल त्या अंगठ्यावर घासून स्वतःचा वास तेथे ठेवून जाते.