न झाकलेला कागद

उत्तरपत्रिकेवर हात आडवा धरून लिहायची सवय शाळेत लागते. आर्किटेक्चरच्या स्टुडिओत ती पहिल्या काही दिवसांतच मोडते. बोर्डावर चारही कोपऱ्यांना टेप लावून ताणलेली एवढी मोठी शीट झाकणार कशी? येता-जाता प्रत्येकाची नजर तिच्यावर पडते. मागच्या टेबलावरची मुलगी चहाला जाता जाता थबकते आणि म्हणते, "अरे, तुझा जिना वर पोचतोय तिथे बीम आहे. डोकं आपटेल ना!" जिन्यावर डोक्याशी किती जागा सोडायची याचा आकडा पुस्तकात असतोच. पण मनात पक्का बसतो तो तिच्या त्या वाक्याने.

ही विद्या एकमेकांच्या देखतच येते, असं मी मानतो. अर्धवट काम चारचौघांत मांडायला धीर लागतो आणि स्टुडिओ रोज तो थोडा थोडा देत असतो.

सर शेजारच्या स्टुलावर बसतात. काही न बोलता आपल्या प्लॅनवर बटर पेपर पसरतात आणि मऊ पेन्सिलीने दोन-चार रेघा ओढतात. स्वयंपाकघर पूर्वेला सरकतं, अंगणात यायला आणखी एक वाट फुटते. आपली मूळ रेघ मात्र ते पुसत नाहीत, ती खालून दिसत राहते. सर उठून गेले की दोन्ही कागद पुढ्यात असतात. कुठला ठेवायचा, हे ज्याचं त्याने ठरवायचं. शिकवण्याची याहून सभ्य रीत मला माहीत नाही.

वास्तुकार बाळकृष्ण दोशींनी एकमेकांच्या देखत शिकण्याची ही रीत विटांत बांधली. 1927 साली पुण्यात जन्मलेले दोशी मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकले, पॅरिसला वास्तुकार ल कॉर्ब्युझिएच्या हाताखाली राबले आणि 1962 मध्ये त्यांनी अहमदाबादला स्कूल ऑफ आर्किटेक्चर सुरू केलं. तिची इमारतही त्यांचीच. विटांच्या समांतर भिंती, वर-खाली सरकलेले मजले, खाली सावलीत टेकायला मोकळी जागा आणि दारं जवळजवळ नाहीतच. एका वर्गाचं काम दुसऱ्याला सहज दिसावं अशी सगळी रचना. उजेड उत्तरेकडून घेतलेला, कारण त्या उजेडात कागदावर ऊन तळपत नाही.

स्टुडिओ चार भिंतींतच असतो असंही नाही. 1923 ते 1943 जे. जे.च्या आर्किटेक्चर विभागाची धुरा सांभाळणाऱ्या क्लॉड बॅटलींनी विद्यार्थ्यांना जुन्या भारतीय इमारती मोजायला लावल्या. मेझर्ड ड्रॉइंग आजही चालतं. पुण्यातल्या एखाद्या जुन्या वाड्यात एक जण टेपचं टोक खांबाशी धरून उकिडवा बसतो, दुसरा आकडा ओरडतो, तिसरी वहीत उतरवते. एक खण दुसऱ्याशी तंतोतंत जुळत नाही. कोनाड्यात हात कोपरापर्यंत जातो तेव्हा भिंतीची जाडी कळते. माजघरातून आजी बाहेर येतात. "काय मोजताय रे बाळांनो? बिल्डरने पाठवलं का?" "नाही आजी, कॉलेजचा अभ्यास." मग पाण्याचा तांब्या येतो, आणि तुळईवरचं नक्षीकाम कुणी करवून घेतलं त्याची हकिगतही. ती कुठल्याच सेक्शनमध्ये काढता येत नाही, पण पुढे घर आखताना ती हाताशी असते.

सबमिशनच्या रात्री जागण्याचं जे कौतुक होतं, ते मला पटत नाही. पेंगुळलेल्या हाताने सनबोर्ड कापताना कटर बोटात जातो. परीक्षकांच्या जुरीत मुलांची शीट फाडण्याला कडक शिस्त म्हणणारेही होते. तो निव्वळ अपमान होता. मात्र थिसिसवाल्या ताईच्या मॉडेलची झाडं चिकटवत बसलेले ज्युनिअर पाहिले की ऊर भरून येतो. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या एकोल द बोझार या कलाशाळेतही असंच चाले. नवखी पोरं जुन्यांची रेखाटनं पुरी करायला मदत करत, आणि कागद गोळा करणारी हातगाडी दारात आली तरी शाईचा हात थांबत नसे. ज्युनिअर त्या रात्री फुकट राबत नाही. आपल्याला चार वर्षांनी जे करायचं आहे, ते तो आधीच हाताळून बघत असतो.

आता टेबलावर लॅपटॉप आहेत, कानांत हेडफोन. संगणकाने कष्ट वाचवले, चुका दुरुस्त करणं सोपं केलं; त्याच्याशी माझं भांडण नाही. पण काम पडद्याआड गेलं. एका वेळी एकच कोपरा, हवा तेवढा मोठा करून, फक्त त्याच्या मालकाला दिसतो. चहाला निघालेल्या मुलीला जिना दिसतच नाही. म्हणून मला वाटतं, रोज संध्याकाळी प्रत्येकाने दिवसभरात झालं असेल ते, कितीही कच्चं असो, साध्या कागदावर छापून भिंतीला टोचावं. तारीख घालावी, नाव घालावं, आणि घरी जाण्याआधी सगळ्यांनी एकदा त्या भिंतीसमोरून चालत जावं.