दारातून मागे वळणारा माणूस

दूरचित्रवाणीवरील अभिनयाला चित्रपटातील अभिनयापेक्षा दुय्यम मानण्याची सवय समीक्षेला जुनीच असून, एकच पात्र वर्षानुवर्षे करणारा नट अखेरीस लकबींपुरताच उरतो, असे तिचे समर्थन केले जाते. पीटर फॉक (१९२७–२०११) या अमेरिकी नटाची कारकीर्द हे समर्थन खोडून काढते.

‘मर्डर, इन्कॉर्पोरेटेड’ (१९६०) आणि ‘पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स’ (१९६१) या चित्रपटांसाठी ऑस्करचे नामांकन मिळालेला फॉक १९६८ मध्ये लेफ्टनंट कोलंबो झाला आणि मधला दीर्घ खंड वगळता २००३ पर्यंत ही भूमिका करीत राहिला. ‘कोलंबो’ या दूरचित्रवाणी मालिकेची रचना उलट्या रहस्यकथेची आहे, म्हणजे खून कोणी केला हे प्रेक्षकाला बहुधा आरंभीच दिसते आणि उत्कंठा उरते ती खुनी कसा सापडणार याचीच. अशा कथेत पोलीस अधिकाऱ्याचे ऐकणे, खिसे चाचपणे, निरोप घेऊन दारापर्यंत जाणे आणि आणखी एका शंकेसाठी मागे वळणे, हेच नाट्य होते. ते वळणे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असते, तरीही प्रत्येक वेळी समोरच्या माणसाचा अहंकार निराळा असल्याने फॉकचा संकोचही निराळा असतो, आणि पुनरावृत्तीतून खोली येते ती इथे. चुरगळलेला रेनकोट त्याच्या स्वतःच्या कपड्यांतला होता. वयाच्या तिसऱ्या वर्षी कर्करोगामुळे त्याचा उजवा डोळा काढावा लागला होता; त्याजागी बसवलेल्या काचेच्या डोळ्याची तिरपी नजरही पात्राचीच वाटू लागली.

कोलंबो करीत असतानाच जॉन कॅसावेटीस या स्वतंत्र वृत्तीच्या दिग्दर्शकाच्या ‘अ वुमन अंडर द इन्फ्लुअन्स’मध्ये (१९७४) त्याने स्वतःचे पैसे घातले आणि पत्नीचे मन ढासळत असताना तिला समजून घेण्याऐवजी आरडाओरडा करणारा मजूर नवरा उभा केला. ऐकून घेण्यात मुरलेल्या नटाने ऐकू न शकणाऱ्या माणसाची असहायता इतकी उघडी करावी, ही त्याच्या कलेची सर्वांत कठीण कसोटी होती.

दिग्दर्शक विम वेंडर्स यांच्या ‘विंग्ज ऑफ डिझायर’ या चित्रपटात (१९८७) तो विभागलेल्या बर्लिनमध्ये चित्रीकरणासाठी आलेला नट, म्हणजे स्वतःच, आहे, रस्त्यावरची मुले त्याला कोलंबो म्हणून ओळखतात, आणि कॉफीच्या टपरीपाशी हाच माणूस, न दिसणाऱ्या देवदूताची चाहूल लागून, रिकाम्या हवेत हस्तांदोलनासाठी हात पुढे करतो.