दुष्यंताची बाजू

दुष्यंताची बाजू घेणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. किर्लोस्करांनी १८८० साली पुण्यात ‘शाकुंतल’ संगीतात आणलं तेव्हापासून मराठी प्रेक्षक शकुंतलेसाठी हळहळत आला आहे, आणि त्यात चूक काही नाही. पण पाचव्या अंकातली राजसभा जरा त्याच्या आसनावर बसून बघा. एक गरोदर बाई समोर उभी राहून म्हणते, मी तुमची पत्नी. खुणेची अंगठी दाखवायला जाते तर बोट रिकामं. मग ती एक आठवण सांगते. नवमालिकेच्या मांडवाखाली, कमळाच्या पानाच्या द्रोणात पाणी होतं. दीर्घापांग नावाचं पाडस तुमच्या हातून पाणी प्यायलं नाही, माझ्या हातून प्यायलं. तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, तुम्ही दोघं रानातली ना, म्हणून. किती बारीक आठवण! आपल्याला ती खरी वाटते, कारण आधीचे अंक आपण पाहिलेले असतात. त्याच्या दृष्टीने नाटक इथूनच सुरू होतं. हो म्हणावं तर परस्त्रीला घरात घेतल्याचं पाप, नाही म्हणावं तर कदाचित स्वतःच्या बायकोला टाकल्याचं. तो कोकिळेचा दाखला देऊन बायकांच्या लबाडीवर घसरतो, ते मात्र मी माफ करत नाही.

गेली काही वर्षं मी त्या आसनावर बसलेली आहे. माझ्यासमोर उभा आहे तो नवरा, आणि मी त्याला परत पाठवलेलं नाही, एवढाच फरक.

मला मेंदूज्वर झाला. हर्पीसचा विषाणू, तापानंतर ओठावर फोड आणतो तोच, क्वचित मेंदूत शिरतो. शिरला की कानशिलाच्या आतल्या भागाची नासधूस करतो, आणि नव्या आठवणी जिथे बांधल्या जातात तो हिप्पोकॅम्पस नेमका तिथेच असतो. औषध वेळेवर मिळालं म्हणून मी आहे. बोलणं, वाचणं, हिशेब करणं शाबूत राहिलं. साताऱ्याची शाळा आठवते, आईचा आवाज आठवतो, धाकट्या बहिणीने यवतेश्वरच्या वाटेवर बसून घेतलेला हट्ट आठवतो. लग्नापासून पुढचं सगळं, चार-दोन तुकडे सोडले तर, गेलं. रिबो नावाच्या फ्रेंच मानसशास्त्रज्ञाने १८८१ सालीच हे लिहून ठेवलं आहे : विस्मरण ताज्या आठवणी आधी खातं, जुन्यांना सहसा शेवटी हात लावतं. त्यामुळे माझं बालपण माझं आहे आणि माझा संसार ऐकीव आहे.

शुद्धीवर आल्यावर मी नवऱ्याला ‘तुम्ही’ म्हणाले. परक्या माणसाला म्हणतात तसं. तो म्हणाला, “तू मला अरे म्हणतेस. आई असली की अहो.” सासूबाई आता नाहीत. म्हणजे मी अरे म्हणते, ते त्याच्या शब्दावर.

असं बरंच काही त्याच्या शब्दावर आहे. मला पडवळ आवडत नाही, हे त्याने सांगितलं. मी नोकरी आपणहून सोडली, हेही. आम्हाला मूल नाही; ते का, तेही त्यानेच सांगितलं. हे शेवटचं मी एकदाच विचारलं, पुन्हा विचारलेलं नाही.

लोक मला धीर द्यायला क्लाइव्ह वेअरिंगची गोष्ट सांगतात. इंग्लंडमधला हा संगीतज्ञ. १९८५ साली त्याला हाच मेंदूज्वर झाला, आणि काही सेकंदांपलीकडचं काही त्याच्याजवळ टिकेनासं झालं. तरी बायको डेबोरा खोलीत आली की वर्षानुवर्षांनी भेटल्यासारखा तो तिला मिठी मारी. बघा, प्रेम राहतं, असं सांगून लोक माझ्याकडे अपेक्षेने पाहतात. मी तर नवऱ्याला ओळखलंही नव्हतं, तेव्हा या गोष्टीने मला धीर येत नाही, अपराधी वाटतं. लोक पुढचा भाग सांगत नाहीत. डेबोराने मध्यंतरी घटस्फोट घेतला, ती अमेरिकेला गेली, तिथे मन रमेना म्हणून परतली, आणि २००२ साली दोघांनी लग्नाच्या शपथा पुन्हा घेतल्या. घटस्फोट झाला तो दोघांचा आणि सोसला तिने एकटीने, कारण त्याच्या हाती राहिलेल्या संसारात ती कधी गेलेलीच नाही. माझ्या नवऱ्याकडे पाहताना मला कधी कधी डेबोरा आठवते. दोघांचा भूतकाळ एकट्याने सांभाळायचा, तर माणूस थोडं ओझं कमी करणारच.

ओझं कमी कसं होतं, ते त्याने सांगितलेल्या संसारात दिसतं. त्यात आम्ही पन्हाळ्याला जातो, धुक्यात कणीस खातो. तो माझ्यासाठी रांगेत उभं राहून नाटकाची तिकिटं काढतो. सासूबाई माझ्या हातच्या आमटीचं कौतुक करतात. या संसारात कुणी कुणाला लागेल असं बोलत नाही. असा संसार मी कुणाचाच पाहिलेला नाही. माझ्या आईवडिलांचा तर नाहीच, आणि तो मला चांगला आठवतो.

त्यात आणखी एक अडचण. पन्हाळ्याचं ते कणीस आता मला आठवायला लागलं आहे. तिखटमीठ, बोटांना लागलेली काजळी, सगळं. ही आठवण परत आली की सांगून सांगून तयार झाली? एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॅकलिन पिक्रेल यांचा १९९५ साली छापून आलेला एक प्रयोग आहे. चोवीस जणांना त्यांच्या लहानपणचे म्हणून काही प्रसंग वाचायला दिले, त्यातला एक बनावट : तू पाचेक वर्षांचा असताना मॉलमध्ये हरवला होतास. साधारण चौथा हिस्सा लोकांना तो, पूर्ण किंवा अर्धवट, आठवू लागला. त्या प्रसंगाला खरेपणा आला तो घरच्या माणसांमुळे. खरे तपशील त्यांनीच पुरवले होते आणि गोष्टही त्यांच्याच नावावर सांगितली होती. घरच्या माणसावर आपण असा विश्वास ठेवतो, आणि ठेवायलाही हवा. पण मग पन्हाळ्याच्या आठवणीत मी स्वतःच स्वतःला दिसते, फोटोत दिसावं तशी, त्याचं काय करायचं? हेही काही पक्कं लक्षण नाही म्हणा. धडधाकट माणसंसुद्धा खऱ्या आठवणीत स्वतःला बाहेरून पाहतात.

शरीराची साक्ष वेगळी निघते. घरी आल्यावर पहिल्याच दिवशी मी त्याच्या चहात साखर घातली नाही, आणि तो दाराशी उभा राहून रडला. त्याला मधुमेह आहे, हे मला कुणी सांगितलेलं नव्हतं. पण हेच शरीर आणखीही काही सांगतं. तो कशाला तरी “बघू” म्हणाला की माझे दात एकमेकांवर दाबले जातात. साधा शब्द, साधा आवाज. जिनिव्हाच्या क्लापारेद नावाच्या डॉक्टरांनी १९११ साली लिहिलेली हकीकत वाचल्यावर मला माझ्या दातांचा अर्थ लागला. त्यांच्या एका रुग्ण बाईंना ते दर भेटीत नवे वाटत. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून त्या बाईंशी हात मिळवला. पुढच्या वेळी बाईंना टाचणी आठवली नाही, पण त्यांनी हात मागे घेतला. कारण विचारलं तर म्हणाल्या, लोक कधी कधी हातात टाचण्या लपवतात. माझ्याही बाबतीत टोचलं एवढं नक्की. काय, कधी आणि चूक कुणाची, हे शरीर सांगत नाही. माझीच एखादी भलती मागणी असेल, तिला त्याने “बघू” म्हटलं असेल.

मग माळ्यावरच्या ट्रंकेत हिशेबाच्या वह्या सापडल्या. दूध, इस्त्री, गॅस, भाजी, पेपर. पानंच्या पानं माझ्या अक्षरात. एका पावसाळ्यात अक्षर बदलतं. त्याचं मोठं, उजवीकडे झुकलेलं अक्षर. भाजी नाही, गॅस नाही, खानावळीचा डबा आहे. गणपतीच्या खरेदीपासून पुन्हा माझं अक्षर. तू कधी आठवड्याच्या वर माहेरी राहिलीच नाहीस, असं तो मला सांगत आला होता.

मी वही त्याच्यासमोर ठेवली. त्याने ती लगेच मिटली. “भांडण झालं होतं,” म्हणाला. “तू साताऱ्याला निघून गेलीस. नोकरीवरून झालं, आणि आईवरून. आता परत तेच कशाला?”

मला राग यायला हवा होता, आणि तो नंतर आलाही. नोकरी ‘आपणहून’ सोडल्याचं सांगितलं होतं त्याबद्दल तर फार आला. पण आधी बरं वाटलं. तणतणत एस.टी. पकडून माहेरी गेलेली ही बाई मी ओळखते. पन्हाळ्याच्या फोटोतल्या हसऱ्या बाईपेक्षा ती माझ्या बालपणाशी जास्त जुळते.

बहिणीला विचारलं. ती म्हणते, भावजी न्यायला आले होते, तू आधी दार उघडलं नाहीस. तो म्हणतो, मी गेलोच नव्हतो, तू आपणहून आलीस. दोघांच्या मेंदूला काही झालेलं नाही आणि दोघंही ठाम आहेत. बहिणीच्या हकिकतीत तो अधिक चांगला दिसतो. तरीही तो स्वतःचीच धरून बसला आहे, म्हणून त्या एका बाबतीत माझा कल त्याच्याकडे झुकतो. माझा नवरा खोटं सांगत नाही, गाळतो. हा माझा आजचा निकाल, आणि माळ्यावर अजून वह्या आहेत.

महाभारतातल्या आदिपर्वात अंगठी नाही आणि शापही नाही. तिथल्या दुष्यंताला सगळं आठवतं. तो भर सभेत मला आठवत नाही म्हणतो आणि आकाशवाणी झाल्यावर कबूल करतो की लोकांना संशय राहू नये म्हणून असं केलं. कालिदासाने नाटकात अंगठी दिसेपर्यंत विसर पाडणारा शाप घातला आणि राजाला सोडवलं. त्या शापाची बातमी मात्र दोघींना होती, अनसूयेला आणि प्रियंवदेला. शकुंतला हळवी, तिला सोसणार नाही, म्हणून मैत्रिणींनी तिला सांगितलं नाही. वाईट हेतू कुणाचाच नव्हता. तिला माहीत असतं तर नदीवर तिने अंगठी जपली असती.

तुमच्या घरात आठवण गेलेलं कुणी असेल, नवरा, बायको, आई, तर त्यांना सहलींबरोबर भांडणंही सांगा. कोण काय बोललं, कोण घर सोडून गेलं, तेही. कुठे तुमची चूक होती तेही सांगा. आणि तुम्ही सांगितलेलं त्यांनी बहिणीला, शेजारणीला, जुन्या ऑफिसातल्या कुणाला पुन्हा विचारलं, तर रागावू नका, विचारू द्या.